घर पाण्यात आहे

बेळगाव, रविवार

प्रिय मित्रा,

परवा खानापूरला लग्नाला गेलो होतो. येताना मध्येच उतरलो आणि आपल्या जुन्या मनोरुग्णांच्या दवाखान्याकडे चालत गेलो. फाटकाला अजून कुलूप आहे, पण कुंपण पार पडलंय. पुरुष वॉर्डाच्या कौलांतून पिंपळ वर आलाय. शॉकच्या खोलीत शेळ्या बसल्या होत्या.

त्या खोलीत भूल न देताच विजेचे शॉक द्यायचे. तू खांदे धरायचास, मी गुडघे. त्या रात्री तुला जेवण जायचं नाही. 2017 च्या कायद्यानं भुलीशिवायचा शॉक बंद केला हे वाचलं, तेव्हा आधी तूच आठवलास. शॉकनं माणसं बरी होतात हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. अन्नपाणी सोडलेली ती बाई भाकरी मागायला लागली, तेव्हा सिस्टर रडल्या होत्या. पण शुद्धीतल्या माणसाला तसं धरून ठेवणं चूक होतं, आणि धरणारे हात आपले होते.

पत्र मात्र लिहितोय ते तात्यांसाठी. कोपऱ्यातल्या खाटेवरचे, हुक्केरीकडचे. इंजेक्शननं मान वाकडी झाली की पॅसिटेनची गोळी स्वतः मागून घ्यायचे. गोळी गिळली की न सांगता जीभ वर करून दाखवायचे. रोज एकच सांगायचे, "मनी नीराग ऐती." आपल्याला कळावं म्हणून पुन्हा मराठीत, "घर पाण्यात हाय. विठोबाबी पाण्यातच. उन्हाळ्यात वर येतोय." केस पेपरवर हे भ्रम म्हणून लिहिलं गेलं. नवीन डॉक्टर राऊंडला आले की विचारायचे, घर कुठाय? तात्या पाण्यात म्हणायचे, आणि डोस तसाच चालू राहायचा.

बाकी ते सुधारले होते रे. कानातले आवाज थांबले होते. मिरचीची रोपं लावायचे, धोब्याच्या कपड्यांचा हिशेब चोख ठेवायचे. त्यांच्या जुन्या पत्त्यावर मीच कार्ड टाकलं. ते परत आलं. मग रजिस्टरात मी लिहिलं, 'नातेवाईक नाहीत'. अक्षर माझं.

गेल्या मे महिन्यात धाकट्याबरोबर हुक्केरीकडच्या हिडकल धरणावर गेलो. पाणी उतरलं होतं आणि हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडलं होतं. माणसं चिखल तुडवत दर्शनाला चालली होती. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, घटप्रभा नदी अडवली तेव्हा गावं उठली, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो गेला. मी तिथंच खाली बसलो. धाकटा विचारतोय बाबा काय झालं, आणि मला तोंडातून शब्द फुटेना.

भ्रम नव्हता तो. पत्ता सांगत होते ते. आपण पडलो खानापूरकडचे, डॉक्टर लांबचे. पण बेळगावात माझ्या नळाला हिडकलचंच पाणी येतं, ते पीत मी इतकी वर्षं काढली आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

दवाखाना बंद होताना ज्यांना धारवाडच्या मनोरुग्णालयात पाठवलं, त्यांत तात्या होते. त्या गाडीत तू होतास. वाटेत काही बोलले का? एखाद्या सोयऱ्याचं नाव, भावाचं, लेकीच्या सासरचं गाव? त्यांच्या पिशवीत काय होतं? आठवेल तसं लिही, तुटक लिहिलंस तरी चालेल. येत्या उन्हाळ्यात मी त्या उठलेल्या गावांच्या नव्या वस्त्या फिरणार आहे. गुडघा बरा असेल तर तूही ये. मला कानडी वाचता येत नाही, तुला येतं.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
वॉर्डातला जोडीदार