फॉरमॅट न मारल्याबद्दल, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच कप सांगितलात, म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, ती पाळते. साताऱ्यात आमच्या सोसायटीत राहणाऱ्यांना ते सांगावं लागणारही नाही.

गणपतीला गुहागरला जाताना आम्ही नेहमीसारखा मेन स्विच बंद केला. परत आल्यावर कॉम्प्युटर चालू झाला, पण एकही वेबसाइट उघडेना. बँक, जीमेल, महाडीबीटी, काहीही टाका, लाल खूण आणि इंग्रजीत इशारा. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं त्याच मशीनमध्ये. नेटवाल्यांच्या कस्टमर केअरने राउटर बंद-चालू करायला लावला आणि ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’ म्हणून हात वर केले. दुरुस्तीवाल्याने तर मशीन न बघता फोनवरच निदान केलं. व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही! बचत गटाचे हिशेब आणि लग्नापासूनचे फोटो एका वाक्यात निकालात.

तुम्ही खाकी पिशवी घेऊन आलात, पण ती उघडलीत नाही. माउसलाही हात लावला नाहीत. हात मागे बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, “काय बंद आहे ते राहू दे, काय चालू आहे ते सांग.” हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

टेलिफोन खात्यातली सवय, असं तुम्ही नंतर सांगितलंत. 2020 च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून 78 हजारांहून अधिक लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, त्यांतले तुम्ही एक. लाइनमध्ये दोष असला की मध्यावर तपासायचं, अर्धी लाइन चांगली ठरली की तिकडे परत बघायचं नाही. आमच्या घरातही तुम्ही तसेच पुढे सरकलात. आधी माझ्या मोबाइलचा डेटा बंद करायला लावलात, कारण तो चालू असेल तर वाय-फाय मेलेलं असलं तरी पान उघडतं आणि माणूस फसतो. वाय-फायवर पान उघडलं. म्हणजे बाहेरची लाइन आणि राउटर निर्दोष.

मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत माझ्याकडून टाइप करून घेतलंत, पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा), एक जागा सोडून 8.8.8.8, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरचा आकडी पत्ता. चार उत्तरं आली. आकड्याऐवजी गूगलचं नाव टाकलं, तरी आली. नुसत्या आकड्याला उत्तर आलं असतं आणि नावाला नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, हे तेव्हाच सांगून ठेवलंत. (पिंग आणि डीएनएस दोन्ही 1983 सालची, आणि पिंग हे नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून, ही माहिती जाता जाता. तुम्हाला अशा गोष्टी सांगताना थांबवू नये.) त्यानंतर ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं आणि राउटरचं स्वतःचं पान बिनतक्रार उघडलं. म्हणजे ब्राउझरही धडधाकट.

तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता तो इशारा अक्षर अन् अक्षर वाच.” खाली बारीक अक्षरांत ‘डेट इनव्हॅलिड’ लिहिलं होतं. तुम्ही पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलंत. 1 जानेवारी 2014! आणि लगेच पुढचा प्रश्न, “चालू करताना कुठलं बटण दाबायला सांगतो का हा?” सांगत होता. काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, एफ वन दाबलं की पुढे जायचा. तुम्ही हसलात, आणि पिशवी उघडलीत ती तेव्हा.

वीज बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका चपट्या सेलवर चालतं, सीआर 2032. प्लग काढून, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडून, तुम्ही नखाने छोटी पट्टी दाबलीत आणि सेल टुणकन वर आला. मल्टिमीटर लावलात. तीन व्होल्ट हवे होते, काटा दोनच्या आसपास रेंगाळत होता. घड्याळ मागे गेल्यावर वेबसाइटी का अडतात हेही तुम्हीच समजावलंत. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं असतं. दुधाच्या पिशवीवर आजची तारीख आणि तुमच्या भिंतीवर 2014 चं कॅलेंडर असेल, तर ही पिशवी अजून भरलेलीच नाही असंच तुम्ही म्हणणार. ब्राउझर तेच म्हणत होता, आणि त्याच्या परीने बरोबरच. राउटरच्या पानाला तसलं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून ते उघडलं. विंडोज इंटरनेटवरून वेळ घेतो खरा, पण तफावत इतकी मोठी असली की तो स्वतःहून काटे हलवत नाही.

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून नवा सेल आणला, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवला, तारीख-वेळ लावली आणि बँकेचं पान उघडलं. जुना सेल मात्र तुम्ही कागदात गुंडाळून खिशात टाकलात, कारण आमच्याकडे भाचीचं रांगतं बाळ आलेलं. असला सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कॉम्प्युटर दुरुस्त झाला त्यापेक्षा या एका गोष्टीसाठी माझी भाची तुमचे जास्त आभार मानते आहे.

अर्ज भरून झाला, पावती निघाली.

आणि एक कळवायचं राहिलं. खालच्या वहिनींच्या लॅपटॉपवर परवा असंच, पान उघडेना. तारीख बरोबर, मोबाइलवर वाय-फाय ठीक, 8.8.8.8 ला उत्तर येतं, गूगलच्या नावाला येत नाही. तुम्ही सांगितलं होतं त्याप्रमाणे मी सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी 8.8.8.8 आणि खाली 1.1.1.1 टाकलं, दोन्ही कुणालाही वापरता येणारे डीएनएस. चाललं! वहिनींनी बेसनाचे लाडू दिलेत. त्यातले निम्मे तुमचे, डबा संध्याकाळी पाठवते. तुमचा छोटा स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडेच राहिलाय, तोही त्यातच ठेवते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची