ऑक्टोपसला दुखतं का?

महोदय,
ऑक्टोपसला दुखतं का, यावर आमच्या घरात जेवताना वाद झाला (ताटात माकूळ होतं, ऑक्टोपसचंच भावंडं, म्हणून असेल!) म्हणून लिहितोय. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक रॉबिन क्रूक बाईंनी 2021 मध्ये एक प्रयोग केला, छोट्या ऑक्टोपसच्या एका हाताला ॲसिडचं इंजेक्शन देऊन त्याला टाकीतल्या त्याच्या आवडत्या कप्प्यात ठेवलं, तर तो पठ्ठ्या जो कप्पा आधी आवडीने निवडायचा त्यातच पुन्हा जाईना, आणि टोचलेल्या जागची कातडी चोचीने कुरतडून काढायला लागला. मग तिथं बधिरतेचं औषध दिलं तर ते ज्या कप्प्यात मिळालं तोच त्याला आवडायला लागला. नुसतं अंग आखडणं असतं तर कप्पा लक्षात ठेवायची गरजच काय?
ब्रिटनने 2022 मध्ये कायदा करताना ऑक्टोपस, माकूळ आणि खेकडे-कोळंब्यासुद्धा संवेदनशील प्राण्यांत धरले, कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली. आपला 1960 चा प्राणी क्रूरता कायदा तर माणूस सोडून प्रत्येक जिवाला प्राणी म्हणतो, म्हणजे कागदावर आपण कधीचेच पुढे आहोत.
मी मासे सोडणार नाही, खोटं कशाला बोलू. पण परवा एका मत्स्यालयात उघड्या काचेच्या टाकीत, लपायला साधी कपारसुद्धा नाही, असा ऑक्टोपस पाहिला, पोरं काचेवर टकटक करत होती आणि तो कोपऱ्यात पांढराफटक पडला होता. निदान एखादं फुटकं मडकं तरी टाका हो आत.
– एक वाचक, रत्नागिरी