जॉबकार्डवर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की तुमच्या पेपरात पान पान भरून गाड्यांच्या जाहिराती येतात. मागच्या दसऱ्याला अशीच एक जाहिरात बघून आम्ही गाडी बुक केली, म्हणून हे पत्र लिहितेय. यंदा जे गाडी घेणार आहेत त्यांच्या हे वाचनात यावं एवढीच इच्छा आहे.

मी साताऱ्यात शाळेत शिकवते. ऑटोमॅटिक गाडी घेतली, ऑन रोड तेरा लाख चाळीस हजार. मुहूर्तावर मिळावी म्हणून पुण्याच्या शोरूममधून घेतली. दीड महिन्यात गाडी एकोणीसशे किलोमीटर झाली आणि नानांचं डोळ्याचं ऑपरेशन करून पुण्याहून परत येत असताना खंबाटकीच्या चढावर, वळणावरच, मीटरमध्ये गिअरचा पिवळा दिवा लागला आणि पिकअप गेला. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी मात्र मागे सरकतेय. मागे ऊस भरलेला ट्रक होता, मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी बांधलेले नाना. हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावले, ट्रकवाल्यानं हात करून मागची वाहनं थांबवली म्हणून वाचलो. दहा मिनिटं गाडी बंद ठेवून परत चालू केली तर दिवा गायब, गाडी एकदम नॉर्मल.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या त्याच कंपनीच्या वर्कशॉपला गेले. सर्व्हिस ॲडव्हायझरनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, मॅडम तुम्हाला ऑटोमॅटिकची सवय नाहीये, होतं असं सुरुवातीला. मी अठरा वर्षं गाडी चालवतेय. संध्याकाळी गाडी धुऊन परत दिली, मी सही केली आणि घरी आले. जॉबकार्ड, म्हणजे आपली तक्रार आणि केलेलं काम लिहितात तो वर्कशॉपचा कागद, वाचलंच नाही, आणि तिथेच चूक झाली. दोन आठवड्यांनी परत तोच प्रकार झाला तेव्हा जुना कागद काढून बघितला तर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं "जनरल चेकअप". घाटात गाडी मागे आली, गिअरचा दिवा लागला, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. दुसऱ्या खेपेला लिहिलं "नो प्रॉब्लेम फाउंड". म्हणजे कागदावर बघाल तर माझ्या गाडीला पहिल्या दोन खेपांत काही झालेलंच नाही.

ग्राहक चळवळीत आयुष्य घातलेले एक काका आमच्या गल्लीत राहतात, त्यांनी हे कागद बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या शब्दांत तक्रार कुठेय?" त्यांचं म्हणणं, उद्या ग्राहक आयोगापुढे जायची वेळ आली तर तू तोंडी काय सांगितलंस याला किंमत नाही, जॉबकार्डवर काय आहे ते बघतात. तिसऱ्या खेपेपासून मी काउंटरवर उभं राहून स्वतः सांगून लिहून घेतलं, किलोमीटर किती, चढ होता का, कुठला दिवा लागला, किती वेळ गाडी बंद पडली. ॲडव्हायझर कुरकुरला, सिस्टिममध्ये एवढं टाइप होत नाही म्हणाला, मग मी पेनानं लिहिलं आणि त्याचा शिक्का घेतला. दिवा लागला की शेजारी बसलेल्यानं मीटरचा व्हिडिओ काढायचा, किलोमीटर दिसले पाहिजेत, आणि त्याच दिवशी शोरूम आणि कंपनी दोघांना ईमेल करायचा. फोनवर "बघतो मॅडम" म्हणतात त्याचा कुठेही पुरावा राहत नाही.

मग गाडी खरी खोलली गेली. आधी क्लच ॲक्ट्युएटर (क्लच आपोआप चालवणारा भाग) बदलला, मग सॉफ्टवेअर अपडेट केलं, पाचव्या खेपेला आख्खा गिअरबॉक्स बदलायचा असं ठरलं. चार महिन्यांत मिळून एकेचाळीस दिवस गाडी वर्कशॉपमध्ये आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून जातोच. गिअरबॉक्स बदलून झाल्यावर किल्ली देण्याआधी एक छापील कागद पुढे केला, "मी दुरुस्तीबाबत पूर्ण समाधानी आहे." मी त्यावर लिहिलं, गाडी घाटात चालवून बघितल्याशिवाय समाधान लिहिणार नाही, आणि खाली सही केली. पाऊण तास किल्ली दिली नाही. शेवटी मॅनेजर आला आणि दिली. आठ दिवसांनी त्याच चढावर तोच दिवा.

आता कायद्याचं बोलते, कारण इतक्या लोकांना हे माहीत नसतं की वाईट वाटतं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, शोरूम पुण्यात असलं तरी पुण्याला खेटे मारायची गरज नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा ते वीस लाखांना चारशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची, आणि "करून देतो, करून देतो" म्हणत दोन वर्षं कधी जातात कळत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवून ठेवावी, नंतर आयोगात दाखल करायला ऑनलाइन ई-जागृती पोर्टल आहे.

तक्रारीत शोरूम आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. शोरूमवाले म्हणतात बनवली कंपनीनं, कंपनी म्हणते विकली शोरूमनं. गोव्यातल्या एका ग्राहकाला नवी म्हणून आधीच चाललेली जुन्या मॉडेलची गाडी दिली होती, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलं की डीलरनं केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवलं नाही तर कंपनीला जबाबदार धरता येत नाही. म्हणून कोण कशाला जबाबदार हे तक्रारीत वेगवेगळं मांडावं लागतं.

माझं खरं दुखणं पुढे आहे. वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की खराब पार्ट दुरुस्त करू किंवा बदलू, गाडी बदलू असं कुठेच नसतं. 2006 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं हीच गोष्ट धरून गाडी बदलून द्यायचा आदेश रद्द केला होता आणि आजही कंपन्यांचे वकील तो निकाल पुढे करतात. म्हणजे गाडी मिळायची तर दोष बनावटीतलाच आहे आणि दुरुस्त होण्यासारखा नाही हे ग्राहकानं सिद्ध करायचं. आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो, पण त्याची फी तक्रारदाराला भरायला सांगता येते. गिअरबॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं, ते वाचायचं स्कॅनर कंपनीचं, आणि सिद्ध करायचं शाळेतल्या बाईनं! तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदाच म्हणतो, पण तारखा कशा पडतात ते ज्याची केस आहे त्याला विचारा.

अमेरिकेत कनेटिकट राज्यानं 1982 मध्ये यासाठी खास कायदा केला, त्याला लेमन लॉ म्हणतात, आणि आता तिथल्या सगळ्या राज्यांत तो आहे. बऱ्याच ठिकाणी नियम साधा, सुरुवातीच्या ठरलेल्या काळात एकच मोठा दोष चार खेपांत गेला नाही किंवा गाडी तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली की ती सदोषच समजतात आणि कंपनीनं बदलून द्यायची नाहीतर पैसे परत करायचे. आमच्या पाच खेपा आणि एकेचाळीस दिवस झालेत. आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या कंपनीनं परत बोलावायचे नियम आले, कंपनीला दंडसुद्धा आहे, पण ते एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत सुरक्षेचा दोष निघाला तर. एकट्या माणसाची एकटी गाडी त्यात कुठे बसत नाही. महाराष्ट्रातल्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा अशी माझी हात जोडून विनंती आहे, खेपा आणि दिवस मोजणारा एक नियम एवढंच मागतेय.

आणि यंदा घेणाऱ्यांनी, पासिंग व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा, चेसिस नंबर, बनवल्याचा महिना, मीटरवरचे किलोमीटर, सगळ्याचे फोटो काढा. एकदा आरटीओत नाव लागलं की गाडी तुमची झाली आणि मग "बदलून द्या" म्हणणं फार अवघड होतं. मुहूर्त चुकला तरी चालेल, घाईत सही करू नका.

आम्ही तक्रार दाखल केलीये. नाना अजून त्या गाडीत बसत नाहीत, पुण्याला तपासणीला जायचं असलं की एसटीनं जातात आणि मी त्यांच्याबरोबर जाते.

आपली,
एक वाचक, सातारा