पाणसळीचा पाईप

खानापूर,
जानेवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत तुमच्या वर्गाला भीमगडच्या जंगलात आठ दिवस राहायचंय, आणि त्यासाठी कायम कमरेला राहील असा छोटा डबा तू तयार केलायस, हे परवा फोनवर कळलं. काडेपेटी, शिट्टी, सुरी, दोरी, क्लोरीनच्या गोळ्या. आणि दिवाळीत माझ्या पिशवीतून कापून नेलेला पाणसळीच्या पाईपाचा, म्हणजे पाणी भरून बांधकामाची पातळी बघतात त्या नळीचा, तुकडा. बाकीच्या वस्तूंतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाईप मात्र माझ्या धंद्यातला आहे. तीस वर्षं तो खांद्यावर टाकून मी दुसऱ्यांची घरं बांधत फिरलो. म्हणून बसून लिहितोय.

त्या पाईपानं बाबांना पाणी पाजलं, ही गोष्ट लहानपणी ऐकलीस म्हणून तू तो नेलास, हे मला ठाऊक आहे. पण ती गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती.

पहिला अर्धा भाग तुझ्या ओळखीचा. कणकुंबीच्या पलीकडे एका वाडीत देवळाच्या चौथऱ्याची मापं घ्यायला मी आणि माझा जोडीदार गेलो होतो. मार्चअखेर. येताना आडवाट धरली आणि चुकलो. बाटलीतलं पाणी दुपारीच संपलं. तो कोपरा पावसाळ्यात नुसता झोडपून निघतो, मलप्रभा तिथंच उगम पावते, तरी शिमग्यानंतर ओढ्यांत दगड तेवढे उरतात. जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरत नाही, खाली सोडून देतो. पण त्याच जांभ्याच्या कपारीत खोल कुठंतरी सावलीला पाणी राहतंही. आम्हाला ते दिसलं. हात आत जाईना, बाटली तर नाहीच नाही. पाईप सोडला, ओढलं, आणि पाणी आलं.

आता दुसरा अर्धा. पाणी पिऊन जोडीदार टेकायला गेला, दगड सरकवला, आणि त्याखालचं फुरसं पायाच्या बोटाला डसलं. मी घाबरलो. हातात तोच पाईप होता. पोटरीला तीन वेढे देऊन जीव खाऊन आवळला. मीच बांधला, त्यानं नव्हे. दवाखान्यात पोचेपर्यंत तीन तास गेले. पाय जांभळा पडला होता आणि पाईप मांसात रुतला होता. डॉक्टरांनी तो कापून काढला, विषाची लस दिली, माणूस वाचला. पण एक बोट काढावं लागलं आणि पुढं कित्येक महिने पावलाला मुंग्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, तेच तुला सांगतो. अरुंद नळीचा सगळा दाब एका रेघेवर येतो, शीर चेचते, रक्त थांबतं. फुरशाचं, घोणसाचं विष जागेवरचं मांस सडवतं. आवळून ते तिथंच कोंडलं की जास्तच.

म्हणून तुझ्या डब्यातला पाईप हाताला किंवा पायाला कधीच बांधायचा नाही. कुणी कितीही सांगितलं तरी. सर्पदंशात पैंजण, अंगठी काढायची, पाय काठ्यांच्या आधारानं हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन, आणि लस असलेला दवाखाना. लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालते, हे तुमच्या सरांनीही सांगितलं असेल. आणि जखमेतून रक्त वाहत असलं तर स्वच्छ कापड ठेवून तळहातानं दाबून धरायचं. बांधायची पाळी आलीच तर चार बोटं रुंद पट्टी लागते. नळी नव्हे.

मग पाईप कशाला? दिसतंय पण हाताला येत नाही, अशा पाण्यासाठी. एवढ्या एका कामासाठीही तो डब्यात असावा, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याच कामाला तू नेलेला तुकडा नालायक आहे.

तो साधा पीव्हीसीचा. नवा असतो तेव्हा मऊ आणि काचेसारखा, कारण त्यात मऊपणासाठी तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते निघून जातं, पाईप पिवळा पडतो, कडक होतो, वाकवला की मोडल्यासारखा दुमडतो. माझा तर चुना, सिमेंट, छपराचं ऊन सगळं खाल्लेला आहे. पाण्याला त्याचा वास लागतो. पातळी बघायला तो चालतो, प्यायला चालत नाही. गलोलीचा पिवळा रबर, ज्याला लॅटेक्स म्हणतात, तो ताणायला उत्तम, पण वर्षाभरात चिकट होऊन भेगाळतो आणि काहींच्या अंगाला सोसत नाही.

तुला सिलिकॉनची नळी पाठवतोय. बेळगावात प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून स्वतः हात लावून आणली. आतलं भोक ६ मिलिमीटर, बाहेरून ९, म्हणजे भिंत दीड मिलिमीटरची. याहून पातळ भिंत ओढताना आत बसते आणि वळवली की दुमडते. सैल वेटोळं करून बघ, भोक मिटत नाही. लांबी एक मीटर, वजन चाळीसेक ग्रॅम. दुकानदार पीव्हीसीच सिलिकॉन म्हणून देत नाही ना, हे बघायला मी टोकाचा कपटा जाळला: सिलिकॉनची पांढरी राख उरते, पीव्हीसी काळा धूर सोडतं आणि घशाला झोंबतं. उकळत्या पाण्यात टाकली तरी या नळीला काही होत नाही. खोड एकच. टोचलं किंवा चिरलं तर तिथून सरळ फाटत जाते. म्हणून सुरी आणि गळ डब्याच्या दुसऱ्या बाजूला ठेव.

आता पाणी काढायची रीत. नळीचं एक टोक मी तिरकं कापलंय, म्हणजे ते कपारीच्या भिंतीला चिकटून बंद होणार नाही. त्याच्यावर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दोऱ्यानं बांध आणि टोकाजवळ एक नट अडकव, नाहीतर नळी पाण्यावर तरंगत राहील. मीटरभर नळीत २८ मिली पाणी मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. तोंडानं ओढायची घाई करू नकोस. कपारीतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर रानातली जनावरं आहेत, वटवाघळं आहेत. सोबत जाड तोंडाची ५० मिलीची सिरिंज ठेवलीय, ती नळीच्या टोकात घट्ट बसते. तिनं ओढ, बाटलीत रिकामी कर. सिरिंज हरवली तर नळी पाण्यात सोडायची, वरचं टोक अंगठ्यानं गच्च बंद करायचं आणि उचलायची; जेवढी बुडाली होती तेवढं पाणी आत टांगून राहतं. वीतभर बुडाली तर पाच-सहा मिली. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात बाटली भरते.

उतारावर डबकं असेल तर मात्र नळी एकटी काम करते. नळी पाण्यानं पूर्ण भर, दोन्ही तोंडं दाबून एक डबक्यात बुडव, दुसरं खाली धर. बाहेरचं तोंड डबक्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं पाहिजे, बस्स. मध्ये नळी एखाद्या दगडावरून वर जाऊन आली तरी चालतं. आत बुडबुडा राहिला तर धार तुटते. पाणसळीलाही तो बुडबुडाच फसवतो आणि भिंत वाकडी जाते. बोटानं टिचक्या मारून तो वर काढायचा.

नळीनं पाणी मिळतं, शुद्ध होत नाही. बाटलीत आल्यावर दुहेरी कापडातून गाळ, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तशीच ठेव. विस्तव नसेल तर गोळी टाकून अर्धा तास थांब. तहान लागलेली असताना अर्धा तास थांबणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे. तरी थांब.

विस्तवावरून आठवलं. ओल्या लाकडाला आजी कशी फुंकणी लावायची? तोंड लांब ठेवून नेमकी निखाऱ्याच्या बुडाशी बारीक हवा द्यायची. नळीचंही तसंच होतं. पुढच्या टोकात मी बोटभर पितळी नळकांडं बसवून दिलंय, ते विस्तवाकडे राहू दे, रबर जाळाला लागता कामा नये. श्वास घेताना नळी तोंडातून काढ, नाहीतर धूर छातीत जाईल.

आणि तुमच्यातल्या मुलांपैकी कुणी गाडीतलं पेट्रोल काढायला नळी मागितली तर देऊ नकोस. पेट्रोलानं सिलिकॉन फुगतं, हे कारण छोटं. तोंडानं ओढताना ते फुफ्फुसात उतरतं, हे खरं कारण.

वापरल्यावर नळी उकळून उलटी टांग. आतून पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात ठेवलीस तर बुरशी धरते. ठेवताना मोठी वेटोळी कर आणि दोन्ही तोंडांना कापड लाव. माझ्या पाईपात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, ते मला थेट कामावर पाणी भरताना कळलं.

तो जोडीदार आता नंदगडला मुलाकडे असतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा त्याला सांगितलं, पोर वनशास्त्र शिकतेय, भीमगडला येणार आहे. त्यानं पहिलं विचारलं ते तुझ्या बुटांचं. घोट्याच्या वर येणारे जाड बूट आहेत ना? नसतील तर लगेच कळव, पैसे पाठवतो.

पार्सल हाती पडलं की आधी हॉस्टेलच्या बादलीवर दोनदा करून बघ. आणि माझा जुना तुकडा जंगलात नेऊ नकोस, येताना घेऊन ये. परड्यातल्या भिंतीचं काम काढलंय, तिथं तो पुरेल.

तुझे,
बाबा