गाडी चालू होत नसेल तर

सहकारनगर, पुणे
रात्रीचे पावणेबारा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र डिकीत सापडलं म्हणजे एव्हाना आठ-दहा किका मारून झाल्या असणार. चोक ओढून झाला असेल, गाडी कुशीवर आडवी करूनही झाली असेल. आता जरा पायरीवर बसा, चष्मा लावा आणि वाचा. आईलाही वाचून दाखवा. मी पहाटेच निघालोय, दुपारपर्यंत दमणला पोचेन.

तोंडावर बोलायला गेलो की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. परवा जेवताना मी स्कूटर विकायचा विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "माझी चेतक तुझ्या चेतकपेक्षा तरुण आहे. आधी तुझं भंगारात घाला, मग माझ्याकडे बघा." आई हसली, मीही हसलो आणि विषय मोदकांवर गेला. पण उत्तर द्यायचं राहून गेलं. सतरा वर्षं तटरक्षक दलाच्या त्या चेतक हेलिकॉप्टरखाली हात काळे करतोय आणि घरी त्याबद्दल कधी धड बोललो नाही. आईला तर "ऑफिससारखंच असतं गं" एवढंच सांगत आलो.

तुमचं म्हणणं खरं आहे. ते म्हातारंच आहे. मूळचं फ्रेंच, नाव अलुएट-३. पहिल्यांदा उडालं २८ फेब्रुवारी १९५९ ला, तेव्हा तुम्ही शाळेतसुद्धा जात नसाल. गंमत म्हणजे समुद्रासाठी ते बनवलंच नव्हतं, डोंगरासाठी बनवलं होतं. १९६० मध्ये सात माणसं घेऊन ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर, ४,८१० मीटर उंचीवर उतरलं आणि तिथून परत उडालं. १९६२ मध्ये आपल्या एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, परवाना घेतला, बंगळूरला तीनशेहून जास्त बनवली आणि नाव ठेवलं चेतक. आकुर्डीच्या कारखान्यातून तुमच्या स्कूटरचं मॉडेल निघालं १९७२ मध्ये. राणा प्रतापांच्या एकाच घोड्याची ही दोन शिंगरं, थोरलं उडणारं.

इंजिन तुम्हाला आवडेल. आर्टूस्ट नाव त्याचं. ताकद ८७० हॉर्सपॉवरची, पण बांधून ठेवलंय ५७० वर. तुम्ही नव्या पोरांना सांगायचात ना, लेथ शेवटच्या स्पीडवर चालवणारा कारागीर नव्हे? तेच. ती हातची राखलेली ताकद उंचीवर, उकाड्यात उपयोगी पडते. पण इंजिन एकच. खाली समुद्र आणि वर एक इंजिन, याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली. मी तर बहुतेक वेळ जमिनीवरच असतो.

तटरक्षक दलाचा कायदा झाला १९७८ मध्ये. दलाची हेलिकॉप्टरं आली १९८२ मध्ये, गोव्याला. किती? दोन. दोन चेतक घेऊन दलाचं उड्डाण सुरू झालं. तेव्हा तुम्ही स्कूटरचं बुकिंग करून वाट पाहत होतात, ती हाती आली १९८६ ला. मग ही हेलिकॉप्टरं गस्तीच्या जहाजांच्या डेकवर जायला लागली. आपल्या सोसायटीच्या पार्किंगएवढी जागा, तीही हलणारी. तीन चाकं टेकवायची आणि लगेच बांधून टाकायचं, नाहीतर पुढच्या लाटेबरोबर घसरलंच.

आता आई, तुझ्यासाठी. तू दरवेळी विचारतेस, "वरून दोरी सोडतात म्हणजे नेमकं करतात काय?"

दाराच्या वर विंच असते, म्हणजे केबल सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, १७५ किलो पेलणारी. पायलटला स्वतःच्या पोटाखालचं काही दिसत नाही. दाराशी पालथा पडलेला विंचवाला त्याचे डोळे होतो. "दोन मीटर पुढे, एक मीटर उजवीकडे, थांब, थांब," असं तो सतत बोलत राहतो, आणि पायलट फक्त त्या आवाजावर यंत्र हवेत धरून ठेवतो. खालच्या माणसाला पंख्याच्या वाऱ्याने पाणी सुईसारखं टोचत असतं. आणि एक गोष्ट, केबल खाली आली की लगेच धरायची नाही. पाती फिरून फिरून हेलिकॉप्टरच्या अंगात वीज साठलेली असते. हूक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, मग हात लावायचा. बुडणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? म्हणून पाणबुड्या आधी उतरतो.

(बाबा, विंचने माणसं पहिल्यांदा वाचवली ती १९४५ मध्ये. अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्यापाशी वादळात एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नाव, अडकला होता, त्यावरच्या दोघांना सिकोर्स्कीच्या हेलिकॉप्टरने उचललं. पहिला नीट वर आला. दुसऱ्याच्या वेळी विंच जॅम. त्याला तसाच लोंबकळत किनाऱ्यावर नेऊन ठेवला. पहिल्याच दिवशी मशीन अडकली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.)

२०२१ चा मे महिना तुम्हाला आठवत असेल. तौक्ते वादळ. पुण्यात तुमच्या गच्चीवरचा पत्रा उडाला आणि तुम्ही मला फोनवर फोन करत होतात. मी उचलला नाही, म्हणून चार दिवस अबोला धरलात. पालघरच्या किनाऱ्याजवळ एक बार्ज वाहत येऊन अडकला होता, त्यावर १३७ माणसं. दमणची चेतकं आणि नौदलाचं हेलिकॉप्टर मिळून सगळ्यांना काढलं. एका चेतकमध्ये पायलट धरून सातच जागा. फेरी मारायची, माणसं किनाऱ्यावर सोडायची, परत जायचं. आम्ही खाली घड्याळ बघत होतो आणि किती तेल उरलं असेल ते मोजत होतो. फोन तेव्हा लॉकरमध्ये होता, बाबा.

त्यानंतर महिनाभरानेच, १७ जूनला, रेवदंड्याच्या समोर 'मंगलम' नावाचं जहाज बुडायला लागलं. सोळा खलाशी. दिघीहून दलाचं 'सुभद्राकुमारी चौहान' जहाज निघालं आणि दमणहून दोन चेतक. काहींना बोटीने काढलं, काहींना वरून उचललं. सोळाच्या सोळा परत आले. संध्याकाळी हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा आम्ही काय केलं माहीत आहे? धुतलं. दरवेळी धुतो. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने अंघोळ, इंजिनाच्या आतूनसुद्धा. मीठ कुणाला सोडत नाही. तुम्ही रविवारी सकाळी फडकं आणि बादली घेऊन स्कूटरपाशी बसता, ते पाहिलं की मला हँगर आठवतो.

नवीन हेलिकॉप्टरंही आली. ध्रुव, दोन इंजिनांचं, रात्री आणि खराब हवेत खूप लांब जाणारं. जुलै २०२२ मध्ये पोरबंदरपासून ९३ सागरी मैलांवर 'ग्लोबल किंग' टँकर बुडत होता, तिथून ध्रुवने बावीस जणांना आणलं. चेतकच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. पण २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तिथूनच एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला निघालेलं ध्रुव समुद्रात कोसळलं. चौघांपैकी एकच वाचला. आई, तू बातमी पाहून फोन केलास आणि मी "आमच्याकडचं नाही ते" एवढंच बोलून ठेवून दिला. मला बोलता येत नव्हतं. २०२५ च्या जानेवारीत पोरबंदरलाच दुसरा अपघात झाला, आणखी तिघं गेले, आणि सगळी ध्रुव जमिनीवर ठेवली. तेव्हाही आमचं म्हातारं उडत होतं.

तर बाबा, म्हातारं म्हणजे काय, तिथे येऊ. माझ्या यंत्राच्या सांगाड्याचं वय वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, पात्यांचं वेगळं. प्रत्येक भागाचं स्वतःचं कार्ड असतं. इतके तास झाले की तो उतरवायचा, मग कितीही गोड चालत असू दे. "अजून वर्षभर जाईल" असं कोणी म्हणत नाही, म्हणून ते अजून जातंय. तुम्हीही तसंच केलंय. क्लच प्लेटा, केबली, कोनसेट, दोनदा बोअर. तुमच्या गाडीत १९८६ चं आता काय उरलंय? पत्रा आणि नंबरप्लेट. गाडीबद्दल माझी तक्रार नाहीच.

पण आमच्याकडे आणखी एक कार्ड असतं, ते पायलटचं. ठरलेल्या मुदतीला वैद्यकीय तपासणी, आणि डोळे त्यात आलेच. नापास झाला तर तो कितीही जुना असो, कितीही माणसं त्याने वाचवलेली असोत, त्या दिवसापासून उडत नाही. मी असा एक पाहिलाय. पस्तिशीतला माणूस. दोन महिने रोज हँगरात येऊन बसायचा, आम्ही बोल्ट आवळताना बघत. मग चष्मा बदलला, तपासण्या झाल्या, परत उडाला.

मित्रमंडळ चौकातलं मला कळलंय. "वाळूवर जरा घसरली" असं तुम्ही सांगितलंत. आई काही बोलली नाही, तिच्यावर चिडू नका. तिच्या कोपराचं खरचटलेलं मीच पाहिलं आणि विचारलं. रिक्षा उजवीकडून आली आणि तुम्हाला ती दिसलीच नाही. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर गेल्या दिवाळीपासून सांगतायत. तुम्ही म्हणता, एका डोळ्याने लक्ष्मी रोड पार करतो. करत असाल. मागे आई बसलेली असते, मांडीवर मंडईची पिशवी घेऊन, आणि तिला विंचवाल्यासारखं "थांब, थांब" ओरडायची सोय नाही. ओरडली तर तुम्ही चिडता.

गाडी विकायची नाही. तो विषय मी पुन्हा काढणार नाही, शब्द देतो. रविवारी धुवा. दिवाळीला मी दहा दिवसांची रजा टाकलीये, डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा उरकू. मी असेन. थेंब घालायला आईला एकटीला धावपळ नको. मग डॉक्टर 'चालवा' असं लिहून देतील त्या दिवशी पर्वतीपर्यंत आपण दोघं जाऊ. मी मागे बसेन.

प्लग मी काढून नेलाय. डिकीत फडक्यात गुंडाळलेला जादाचा होता, तोही. देवघराच्या खणात तिसरा आहे हे मला माहीत नाही असं समजू नका. तो आईने रात्रीच काढून दिला. कोपऱ्यावरच्या दुकानात नवा मिळतो, तेही ठाऊक आहे. दुकान दहाला उघडतं. तोवर चहा घ्या आणि मला फोन करा, मी गाडीतच असेन.

तुमचा,
नंदू

ता. क. आई, फडताळातला लाडवाचा डबा मी नेला नाही. विसरलो नाही, साखर आता बाबांनाही नकोय. डबा लपवून ठेव.