आधी दावं, मग पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वणव्यात घर सोडायची तयारी कशी करावी, हा कालचा मजकूर वाचला. कागदपत्रांची पिशवी भरून ठेवा, १०१ ला फोन करा, संपलं. माळाच्या कडेला किंवा उसाच्या फडाला लागून वस्ती असलेल्याने काय करायचं? सातबारा ऑनलाइन परत निघतो. त्यासाठी कुणी पेटत्या घरात शिरत नाही. माणूस आत परत जातो तो जनावरांसाठी, आणि त्यांच्याबद्दल मजकुरात एक शब्द नाही.

खरी तयारी दावणीपाशी असते. हल्ली सगळीकडे नायलॉनची दावी. घाबरलेल्या बैलाने हिसका दिला की निरगाठ दगडासारखी आवळते, आणि झळ लागली की वितळून एकजीव होते. मग ती बोटांनी सुटत नाही. म्हणून सुरगाठच मारा, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. घरातल्या प्रत्येकाने, म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत, ती अंधारात सोडून बघावी. गोठ्याच्या दाराशी धारेचा एक विळा कायम टांगलेला हवा. वैरण कापायला तो तिथून हलवायचा नाही, नाहीतर नेमक्या वेळी सापडत नाही.

वासरू आधी बाहेर काढा, गाय त्याच्यामागे येते. सगळी बाहेर पडली की फाटक लावून घ्या, कारण बिथरलेलं जनावर ओळखीच्या जागी परत घुसतं. न्यायचं कुठे, हे ज्वारी निघाली की लगेच ठरवा. नांगरलेलं काळं रान सगळ्यात चांगलं, तिथे जळायला काही नसतं. वाऱ्याच्या दिशेने आगीपुढे पळवू नका, आडवं काढा.

कडब्याची गंज सोयीसाठी गोठ्याच्या भिंतीला लावतात, ते आधी थांबवा. निदान ५० फूट लांब रचा. घराभोवती १०-१५ फुटांचा पट्टा रोटाव्हेटरने काळा करून घ्या. बोअरच्या भरवशावर राहू नका, आगीत लाइट आधी जाते. २०० लिटरचे दोन बॅरल पाण्याने भरलेले आणि शेजारी भिजवून आग झोडपायला पोती ठेवा. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत सर्वांत वर ठेवा. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, पंचनाम्याला तो लागतो.

आणि १०१ ला फोन केला तरी बंब वस्तीवर येणार कुठून? दोन्हीकडून बांध कोरून पाणंद, म्हणजे शेतातून वस्तीवर येणारी वाट, बैलगाडीएवढी उरली आहे. तक्रार केली की मोजणीची तारीख मिळते आणि पुढे सरकते. यावर आपल्या दैनिकाने एकदा सविस्तर लिहावं. तोवर पाणंदीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन बंबाला वाट दाखवायला कोण उभं राहणार, तेवढं प्रत्येक वस्तीने आजच ठरवून ठेवावं.

आपला,
एक शेतकरी वाचक
उत्तर सोलापूर