नवी पिल्लं जुन्यांत सोडू नका

नाशिक, जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, वर मागे कोंबडा आरवतो. निम्मं मला कळत नाही, निम्मं तुम्हाला ऐकू जात नाही. म्हणून लिहूनच पाठवते. दादाकडून नीट वाचून घ्या.

मला कळलं ते एवढं: मोटरसायकलवर जाळी बांधून फिरणाऱ्या माणसाकडून बाबांनी महिना-दीड महिन्याची पिल्लं घेतली. आता ती शिंकताहेत, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसतोय, रात्री घरघर ऐकू येते आणि त्यातली दोन पंख सोडून बसून असतात. आई म्हणते थंडी बाधली. बाबा म्हणतात पाण्यात पावडर टाकलीय, होतील बरी. माझं म्हणणं तिसरंच आहे. ती बरी होतात की नाही हे पुढचं. आधी त्यांना आईच्या जुन्या कोंबड्यांपासून तोडा. खुराड्यात मधे जाळी लावून भागणार नाही. हवा एकच राहते, शिंतोडे उडतात. पलीकडचा रिकामा गोठा आहे ना, तिथे हलवा.

इथे ओळखीच्या एक पशुवैद्यक मॅडम आहेत, त्यांना सगळं सांगितलं. बघितल्याशिवाय रोगाचं नाव सांगायला त्यांनी साफ नकार दिला, आणि मला ते पटलं. शिंक, घरघर, नाकातून पाणी हे पाच-सहा रोगांत सारखंच दिसतं म्हणाल्या. पण नव्या पिल्लांत सगळ्यांत जास्त भेटणारा म्हणजे सीआरडी, जुनाट श्वसनरोग. त्याचा जंतू मायकोप्लाझ्मा. तो कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात येऊ शकतो. पिल्लू वरून ठणठणीत दिसतं. मग प्रवास होतो, पाणी बदलतं, खाणं बदलतं, थंडी लागते आणि आत दबलेला रोग वर येतो. त्यामुळे थंडी बाधली हे आईचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त थंडीने रोग आणला नाही, उठवला.

यातली वाईट गोष्ट अशी, की औषधाने घरघर थांबते पण जंतू पुरता जात नाही. बरा झालेला पक्षीही तो अंगात वागवत राहतो. म्हणून आई, ही पिल्लं मोठी होऊन अंड्यावर आली तरी त्यांची अंडी खुडुकाखाली ठेवू नकोस. खायला हरकत नाही, फक्त औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही ती खायची किंवा विकायची नाहीत.

आता हवेचं. थंडी आहे म्हणून तुम्ही खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट आणि प्लॅस्टिक बांधलंय, हे दादाने सांगितलं. निफाडला पारा पाच अंशांच्याही खाली जातो अशा दिवसांत कुणीही हेच करेल. पण आत विष्ठेचा अमोनिया कोंडतो. हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस भाग अमोनिया झाला, तरी श्वासनळीतली बारीक लव निकामी व्हायला लागते, आणि ती लवच तर धूळ-जंतू बाहेर ढकलत असते. रोज आत-बाहेर करणाऱ्या नाकाला तो वास कळेनासा होतो. शेजारच्या कुणाला तरी सकाळी आत उकिडवं बसून, पिल्लांच्या उंचीवर वास घ्यायला सांगा. डोळे चुरचुरले तर समजा. खालून वारा अडवा, पण पत्र्याखालची वरची फट उघडीच राहू द्या. वारं पिल्लांच्या अंगावरून नको, डोक्यावरून जाऊ दे. गोठ्यात एका कोपऱ्यात बल्ब लावा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडते, लांब पळून चोच उघडी टाकत असतील तर जास्त होते. मापकाची गरज नाही, त्यांच्याकडे बघायचं.

खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजलं असेल तर सगळं काढून टाका. घोटीच्या गिरणीतून आणलेलं पोतं ओलसर लागत असेल, कुबट वास येत असेल तर ते तसंच परत करा. बुरशीचे कण छातीत गेले की पिल्लं चोच वासून श्वास घेतात, आणि त्यात घरघर बहुधा नसते. त्या रोगावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही.

आणि आई, धुरी बंद. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर डासांना ठीक, पण छाती भरलेल्या पिल्लाला तो छळ आहे. लसणीचं पाणी देतेस ते दे, त्याने वाईट होणार नाही, पण शेजारी साधं पाणीही ठेव. वास आवडला नाही तर ती पाणीच पीत नाहीत.

बाबा, तुम्ही कोणती पावडर टाकलीत? पाकीट फेकलं नसेल तर दादाला फोटो पाठवायला सांगा. घरातल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल फोडून तर टाकल्या नाहीत ना? या जंतूला पेशीभित्तीच नसते आणि ते औषध नेमकं तिथेच मार करतं, म्हणजे पाण्यात गेलं. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन ही याच्यावर चालणारी औषधं, पण वजन आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. एकदा सुरू केलं की सांगितलेले सगळे दिवस पुरं करायचं आणि औषधाचं पाणी रोज ताजं बनवायचं. दोन दिवस टाकून शिंका थांबल्या की सोडून द्यायचं, हे आपल्याकडे फार चालतं.

एक मात्र ओळखून ठेवा. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, पाय ओढणं, आणि भराभर मरतूक. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्यावर औषध नाही, लसच. लासोटा या लसीचा थेंब पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात घालतात. त्या फेरीवाल्याने घातला होता का, ते विचारून तो खरं सांगेल असं मला वाटत नाही. आजारी पिल्लांना आता लस द्यायची नाही. जुन्या कोंबड्यांचं डॉक्टरांना विचारा. एका कुपीत शेकड्याने मात्रा असतात आणि फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळूनच आणा.

एखादं मेलं तर उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ओढून नेतात. ताजं असेल तर दुहेरी पिशवीत बर्फाबरोबर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. फाडून बघितल्यावर जे कळतं ते आपल्या अंदाजांनी कळत नाही. आणि एकदम बरीच मेली, तर हातही लावू नका. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्याकडेही महिनाभर कुणी कोंबडी शिजवली नव्हती, बाबांना आठवत असेल.

बाबा, तुम्हाला स्वतःला जिना चढताना दम लागतो. गोठा झाडायचं काम तुमचं नाही. दादा करेल, तोंडाला मास्क बांधून, आधी थोडं पाणी शिंपडून. रोज सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचं खाणं-पाणी, मग गोठ्यातल्यांचं, उलटं कधीच नाही. गोठ्याची चप्पल गोठ्याच्या दारातच राहू द्या, हात साबणाने धुवा. शिंका थांबल्या तरी महिनाभर एकत्र करायचं नाही, आणि माझं विचाराल तर या पिल्लांना कायमचं वेगळंच ठेवा. बाबांना हे कंजूषपणाचं वाटेल, आईला पटेल.

मी पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येते.

तुमची धाकटी

ता. क. पिशवीत पाण्याची दोन भांडी आहेत. लाल गोठ्याचं, निळं खुराड्याचं. धुवायलाही एकत्र घेऊ नका.